खाणीच्या तळाशी

नानांनी टाकीला कान लावला की आम्ही सगळे बोलायचं थांबवायचो. ही टाकी पाण्याची नव्हे. रॉकेटमधलं इंधन आणि ऑक्सिजन प्रचंड थंड करून, द्रवरूपात ज्यात भरतात ती टाकी. काळ्या कार्बनचा धागा राळेत भिजवून साच्यावर गुंडाळायचा, भट्टीत पक्का करायचा आणि आतला साचा काढून घ्यायचा. आत धातूचा पत्रा नाही, काही नाही. नुसता धागा आणि राळ. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आम्ही ही टाकी बनवायचो आणि धुळ्याच्या पलीकडे, साक्री रस्त्यापासून आत, एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत नेऊन तपासायचो. खाण अशासाठी की टाकी फुटलीच तर तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाच्या भिंती होत्या आणि जवळपास वस्ती नव्हती.

मी मूळची धरणगावची. जळगावात डिप्लोमा केला आणि एका पाईपच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथं माझं काम म्हणजे पाईपात पाणी भरून तो फुटेपर्यंत दाब वाढवायचा आणि फुटला त्या वेळचा आकडा लिहायचा. सात वर्षं मी वस्तू फोडत होते. म्हणूनच बहुधा या छोट्या कंपनीनं मला चाचणीची प्रमुख म्हणून घेतलं. आई शेजारणींना सांगायची, "रॉकेटच्या कंपनीत आहे." मी मात्र बहुतेक दिवस जॅकेट घालून खाणीच्या काठावरच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये, स्क्रीनसमोर बसलेली असायचे.

नाना साठीला आलेले. मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरची केळी त्यांचा धाकटा भाऊ बघायचा. नानांनी मात्र उभं आयुष्य जळगावात काचेच्या धाग्याचे पाईप आणि ॲसिडच्या टाक्या गुंडाळण्यात घालवलं होतं. शिक्षण नववी. धाग्याला ताण किती आहे ते यंत्र दाखवायचं, पण नाना चालत्या धाग्याला बोटाचं टोक लावायचे आणि म्हणायचे, "ढिला हाये." मग यंत्र तपासलं की ढिलाच निघायचा.

त्यांनी बनवलेल्या पहिल्या तीन टाक्या थंडीनं तडकल्या. आम्ही चाचणीला द्रव नायट्रोजन वापरायचो. तो पेट घेत नाही आणि थंडी मात्र जवळपास तेवढीच, शून्याखाली एकशे शहाण्णव. भरायचा, दाब द्यायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. टाकीला आवाज टिपणारे सेन्सर चिकटवलेले असायचे. आत केसाएवढी भेग पडली तरी ते नोंद करायचे. नानांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. टाकी रिकामी झाली, सगळं सुरक्षित आहे असं सांगितलं, की ते खाली उतरायचे, गोठलेल्या टाकीला रुमालाची घडी लावायचे आणि त्यावर कान टेकवायचे. टाकी पुन्हा गरम होताना टिक, टिक आवाज येतो. तो ऐकून ते सांगायचे, भेग वरच्या घुमटाला आहे की बुडाला.

एकदा मी विचारलं, "नाना, असं का होतं हो दरवेळी?"

"पोरी, राळ थंडीनं आवळते. धागा आवळत नाई. मंग दोघाचं भांडण व्हतं," ते म्हणाले. "आपल्याले असा संसार जमवाचा हाये का भांडणच झालं नाई पायजे."

तिसरी टाकी तडकली तेव्हा ते दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. आम्ही तिघं एकत्र जेवायचो. तिसरे म्हणजे भाऊ. भाऊ पिंपळनेरकडचे, पंचेचाळिशीचे, आडव्या हाडाचे. त्यांनी वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलं होतं. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात. ते भांडं मोटरसायकलला बांधून ते पाड्यापाड्यांवर फिरले होते. नायट्रोजनची त्यांना भीती नव्हती, म्हणूनच त्यांना टँकर आणि व्हॉल्व्हच्या कामाला घेतलं होतं. मी सुरक्षिततेचे नियम समजावून सांगत होते तेव्हा ते हसले होते. "ताई, हाऊ तर हवाच शे. आपुन रोज खातस."

खरं होतं ते. हवेचे पाच भाग केले तर चार भाग नायट्रोजनच. पण पाचवा भाग, ऑक्सिजनचा, निघून गेला की काय होतं, ते उघड्या गोठ्यात कधी कळत नाही.

चौथ्या टाकीच्या वेळी नानांनी धागा गुंडाळायचा कोन बदलायला लावला. इंजिनिअर साहेबांशी त्यांचा तीन आठवडे वाद चालला. साहेब गणित दाखवायचे, नाना जुन्या टाकीचे कापलेले तुकडे दाखवायचे. शेवटी साहेबांनी गणित पुन्हा केलं आणि मान्य केलं. ती टाकी आम्ही जानेवारीत खाणीत नेली. उतरवताना क्रेनचा हूक लागून व्हेंटचा उंच पाईप वाकला. टाकीतून बाहेर पडणारा नायट्रोजन त्या पाईपानं खाणीच्या काठाच्याही वर सोडला जायचा. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, नवा पाईप यायला दहा-बारा दिवस लागतील, तोवर व्हेंटला होजची नळी जोडून नायट्रोजन खाणीच्या तळाशीच सोडला, तर ही एवढी चाचणी उरकून घेता येईल का? मी विचार केला आणि म्हणाले, "चालेल." हा शब्द माझा आहे. चौकशीत साहेबांचं नाव पुढे आलं, पण "चालेल" मी म्हटलं होतं. खाली कुणी उतरणार नाही, सगळं संपल्यावर चाळीस मिनिटं थांबू, मग आधी भाऊ ऑक्सिजनचं मीटर घेऊन जातील, असं मी वहीत लिहिलं. मीटर दोन होती. एक दुरुस्तीला गेलेलं.

त्या दिवशी सकाळी वारा अजिबात नव्हता. लांब शेतात कुणीतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या आणि त्यांचा धूर जागच्या जागी उभा होता. मी तो पाहिला. थंडी कडक आहे, एवढंच मनात आलं.

टाकी पाच वेळा भरली, पाच वेळा दाब दिला, पाच वेळा रिकामी केली. सेन्सरच्या रेषा सरळ. पाचव्या खेपेला मी दाब ठरल्यापेक्षा थोडा वर नेला, तरी सरळ. मी साहेबांना फोन करून सांगितलं आणि माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. भाऊ टँकरजवळून ओरडले, "काय म्हनस ती?" मी खिडकीतून ओरडले, "गप्प आहे!" नाना कंटेनरच्या दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

शेवटचा नायट्रोजन सोडला तेव्हा खाणीचा तळ पांढरा झाला. दूध सांडावं तसं ते धुकं दगडांमधून पसरलं आणि कमरेएवढं वर आलं. मग ऊन तळापर्यंत पोहोचलं आणि धुकं विरत गेलं. पंचवीस मिनिटांत खाली सगळं स्वच्छ दिसायला लागलं. खडी, काळी टाकी, तिच्यावरचा बर्फ.

"पोरी, जाऊ का?" नानांनी विचारलं. "गरम व्हाले लागली ते. आता नाई ऐकलं तं मंग काय ऐकू येईन?"

मी आकडे उतरवत होते. स्क्रीनवरून नजर न काढता मी डावा हात वर केला.

त्या हाताबद्दल मी पुढे पुष्कळदा विचार केला आहे. तो "थांबा" होता असं मी चौकशीत सांगितलं. पोलिसांना सांगितलं, कारखाना निरीक्षकांना सांगितलं, आईला सांगितलं. पण मी नानांकडे पाहिलं नव्हतं, तोंडानं काही बोलले नव्हते. आणि मला त्या क्षणी ते खाली जायला हवे होते का? हो, हवे होते. सेन्सरनं सांगितलेलं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

स्क्रीनच्या एका कोपऱ्यात खालच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. त्यात नाना आले. मी हात वर केला त्याला दोन-तीन मिनिटं झाली असतील. ते उताराचा रस्ता उतरून टाकीपाशी गेले. रुमालाची घडी केली. कान लावला. मला वाटलं, ऐकतायत. मग ते हळूच खाली बसले, एखादा माणूस काम करता करता जरा टेकतो तसे. मला वाटलं, बुडाकडून ऐकतायत. ना धडपड, ना गळ्याला हात. मी पुन्हा आकड्यांकडे वळले. परत पाहिलं तेव्हा ते कुशीवर होते आणि टोपी बाजूला पडली होती.

मी बाहेर धावले. भाऊ टँकरचा होज गुंडाळत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाणीत पाहिलं आणि हातातला होज टाकून उताराकडे पळाले. मी त्यांना निम्म्या उतारावर गाठलं आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांच्या पट्ट्यावरचं मीटर किंचाळत होतं. उताराच्या अर्ध्यावरच.

"सोड माले!" ते ओरडले. "तो तठे पडेल शे!"

"भाऊ, खाली हवा नाही! तुम्ही पण पडाल!"

"मी दम धरी लेस! सोड!"

त्यांनी मला ओढत चार-पाच पावलं नेलं. माझे गुडघे खडीवर सोलले. मी त्यांचा पाय धरला आणि आडवीच पडले. ते मला लाथ मारू शकले असते. त्यांनी पाय उचललाही होता. "मास्क आणा," मी म्हणत राहिले. "मास्क आणा, दोरी आणा. भाऊ, मास्क." शेवटी ते रडत कंटेनरकडे पळाले.

हवेच्या सिलिंडरचा संच एकच होता. तो घालायचा सराव फक्त मी केला होता, तोही दोनदा, धुळ्याला, पंख्याखाली. पाठीवरचा पट्टा पिळला गेला होता. तो सरळ करायला किती वेळ गेला ते कॅमेऱ्यावरून नंतर मोजलं गेलं. मी तो आकडा इथं लिहीत नाही. कमरेला दोरी बांधून मी खाली गेले. मास्कमध्ये मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. नाना जड होते. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं, वरून भाऊ दोरी खेचत होते. उताराच्या वरच्या टोकाला त्यांना उताणं ठेवलं आणि आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. त्यांचा एक कान पांढरा पडला होता. रुग्णवाहिका धुळ्याहून आली तोवर आम्ही थांबलो नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांतच बाहेर येऊन मान हलवली.

पंचनामा झाला. चौकशी झाली. खाणीला टाळं लागलं. भाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी टँकरपाशी होतो, मला काही दिसलं नाही." साहेबांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि खटल्यात ते अजूनही तारखांना जातात. माझ्यावर ठपका आला नाही. उलट निरीक्षकांनी अहवालात लिहिलं की दुसऱ्या माणसाला खाली जाण्यापासून रोखल्यामुळे दुसरा मृत्यू टळला. अशा अपघातांत वाचवायला जाणारेच जास्त मरतात, असंही ते मला तोंडी म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता.

भाऊ माझ्याशी बोलेनात. सहा महिन्यांनी खाण पुन्हा सुरू झाली. आता उंच पाईप दोन, ऑक्सिजनची मीटर चार, मास्कचे तीन संच, खालच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. भाऊ कामावर आले, पण डबा टँकरच्या मागे बसून खायचे. एक दिवस मी डबा घेऊन तिकडे गेले आणि त्यांच्यासमोर बसले.

बराच वेळ ते भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "तुन्हा हात मी देखेल शे. खिडकीम्हाईन."

मी माझा डबा खाली ठेवला.

"तो 'जा' बी नव्हता, 'थांब' बी नव्हता."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"त्या दिन तू मना पाय धरी ठेवा. नहीतर मी आज नही ऱ्हातू. मना पोरेसले बाप शे तो तुन्हामुळे." त्यांनी डबा बंद केला. "पन माले तुन्हाकडे देखानं जीववर येस. काय करू?"

त्याच आठवड्यात मी नानांच्या गावी गेले. अंत्यविधीला गेले होते, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आता नानांच्या बायको, ज्यांना आम्ही अक्का म्हणायचो, ओट्यावर एकट्याच बसून केळीची पानं पुसून त्यांच्या चळती लावत होत्या. मला पाहून त्यांनी आत जाऊन चहा टाकला. चहा झाला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पाईपबद्दल, "चालेल"बद्दल, हाताबद्दल. चाळीसऐवजी पंचवीस मिनिटंच झाली होती हेही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "हे तू मले कायले सांगितलं?"

"तुम्हाला खरं कळायला हवं म्हणून."

"मले काय कराचं त्याचं? मी रोज म्हनत व्हती का त्याईनंच ऐकलं नसीन, त्याईचा सोभावच हट्टी. त्याईच्यावर चिडून मले झोप लागत व्हती. आता कोनावर चिडू? तुह्यावर? तू तं समोर बसून रडून राह्यली." त्यांनी माझा कप उचलला. "तू सांगून मोकळी झाली, बाई. मी कोनाले सांगू?"

मी उठले. निघताना त्यांनी विचारलं, "ते टाकं? त्याईचं?"

"ते चांगलं निघालं, अक्का. एकही भेग नाही. त्याच पद्धतीनं आता पुढच्या टाक्या करतो आम्ही."

"कुठं हाये?"

ती टाकी तपासणीसाठी कापली होती. करवतीनं तिच्या आडव्या चकत्या केल्या होत्या आणि प्रत्येक चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. मी तसंच सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मले ते जागा दाखव."

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीनं घेऊन गेले. मुक्ताईनगरपासून धुळ्यापर्यंतचा रस्ता त्यांनी बाहेर बघत काढला. पारोळ्याला चहासाठी थांबू का विचारलं, तर नको म्हणाल्या. खाणीवर त्या दिवशी काम बंद होतं, पण भाऊ आले होते. मी त्यांना निरोप दिला नव्हता. साहेबांनी दिला असावा. त्यांनी अक्कांच्या पायाला हात लावला. मी फाटकाचं कुलूप काढलं. भाऊ मीटर हातात धरून सगळ्यांत पुढे उतरले, दर चार पावलांनी थांबून आकडा मोठ्यानं वाचत. मागून अक्का, पदर डोक्यावर घेऊन, चपला हातात धरून. खडी टोचते म्हटलं तरी त्यांनी चपला घातल्या नाहीत.

तळाशी टाकी ठेवायची लोखंडी चौकट रिकामी होती. भाऊंनी जागा दाखवली. तिथं काहीच नव्हतं. अक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग तिथंच खडीवर बसल्या. त्यांनी वर, तिन्ही बाजूंच्या दगडाकडे पाहिलं.

"मोकळीच तं हाये," त्या म्हणाल्या. "एवढी मोकळी जागा. इथं कसा कोनी गुदमरीन?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. समजावून सांगणं माझं काम होतं. हवेपेक्षा थंड वायू जड असतो, तो खोलगट जागी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही. हे मी नव्या माणसांना दर महिन्याला शिकवते. मी अक्कांसमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगायला सुरुवात केली. नानांना त्रास झाला नसणार, असंही सांगितलं. डॉक्टर तसंच म्हणाले होते.

"तरास नाई झाला?"

"नाही, अक्का."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की पुरे म्हणून, ते मला कळलं नाही. पदराच्या गाठीतून त्यांनी हळदकुंकवाची पुडी काढली, हातात धरली आणि तशीच पुन्हा बांधून ठेवली. भाऊंनी हात पुढे केला. तो धरून त्या उठल्या, आणि उतारावरून वर जाताना त्यांनी तो सोडला नाही. भाऊ अहिराणीत आणि अक्का आपल्याकडच्या बोलीत, असं दोघं काहीतरी बोलत होते. मी मागे राहिले आणि फाटकाला कुलूप लावलं.

परतीच्या वाटेवर एरंडोलच्या पुढे अक्का म्हणाल्या, "मले जळगावले बसस्टँडवर सोड. पुढं मी येष्टीनं जाईन." मी म्हटलं, घरापर्यंत सोडते, माझंच काम आहे. त्या म्हणाल्या, "नको. तुह्या गाडीत बसून मले बोलता येत नाई अन् रडता बी येत नाई."

मी त्यांना स्टँडवर सोडलं. मुक्ताईनगरची गाडी लागलेलीच होती. त्या खिडकीपाशी बसल्या. मी गाडी सुटेपर्यंत खाली उभी राहिले. त्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही.